बिहोगो कुठे निजते

आमच्या घरात माझं नि मामंजींचं बोलणं अरिंदाच्या मार्फत चालतं. अरिंदाला अजून बोलता येत नाही. दोन दात आलेत, तिसरा वाटेवर आहे, आणि "बा" एवढा एकच शब्द तिच्या पदरी आहे. पण तेवढ्या भांडवलावर ती आमच्या दोघांमधली मध्यस्थी झकास करते.

सुनेनं सासऱ्याच्या समोर बसू नये, त्याच्या नजरेला नजर देऊ नये, थेट बोलू नये, ही आमच्या अंकोले मुलखातली जुनी रीत. म्बारारा शहरात ती केव्हाच सुटली. माझा नवरा बारिग्ये तिथे नोकरीला असतो, तो म्हणतो, "सोड गं, कोण बघतंय?" पण मामंजींच्या अंगणात मामंजीच बघत असतात. म्हणून मी बसते दाराच्या आत, ते दाराबाहेर आपल्या लाकडी खुर्चीवर, आणि मधे उंबऱ्यावर अरिंदा, एका हाताने उंबरा धरून.

"अरिंदा, तुझ्या आईला विचार, आज कचेरीला दांडी का?"

"अरिंदा, आजोबांना सांग, आज घरूनच काम आहे."

"तिला सांग, खुर्चीत बसून पडद्याकडे टक लावण्याला आमच्या काळी काम म्हणत नसत."

"बा," अरिंदा म्हणते, आणि दोन्ही बाजूंना आपलंच बरोबर ठरल्यासारखं वाटतं.

मी गुरांची डॉक्टर आहे, पण सुई माझ्या हातात क्वचितच असते. जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय कचेरीत मी धोक्याचं गणित मांडते. सासूबाई आल्यागेल्याला सांगतात, "आमची सून संगणकावर गाई चारते." अरिंदा झोपली की तेवढ्यात चारून घेते मी. ती उठली की गाई जिथल्या तिथे उभ्या.

मागच्या कोरड्या हंगामात नदीपलीकडे रुकोंजेला लाळ्या-खुरकूत आला. गुरांची तोंडं आली, लाळ गळायला लागली, खुरांत फोड, दूध आटलं. तेव्हा सरकारने नदीचीच रेषा धरली. माणसांनी बूट औषधाच्या पाण्यात बुडवून यावं-जावं, पण गाय, शेळी, मेंढी यांनी नदी उतरायची नाही. दोन्ही तीरांवर लस टोचून झाली, रुकोंजेची गुरं उठून चरायला लागली, आणि मग जिल्ह्याच्या समितीने आमच्या कचेरीला प्रश्न टाकला: रेषा आता उघडावी का?

त्याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येत नाही. उघडली, तर पुढच्या महिन्यात एखादं आजारी जनावर या तीराला येण्याची शक्यता किती, एवढंच सांगता येतं. त्यासाठी साखळी जोडायची. महिन्याला किती गाई विकायला निघतात, त्यातली एखादी आतून आजारी असेल असं कितपत वाटतं, नाक्यावर ती नजरेतून सुटेल असं कितपत, ती नव्या कळपात मिसळली की बाकीच्यांना लागण होईल असं कितपत. यातलं काहीच ठाम माहीत नसतं. प्रत्येक कडीला "एवढ्यापासून एवढ्यापर्यंत" असा अंदाज द्यायचा. मग संगणक तोच एक महिना दहा हजार वेळा जगून बघतो, दर वेळी थोडा वेगळा. त्यातल्या किती महिन्यांत रोग नदी ओलांडतो, ते बघायचं.

सासूबाईंना हे मी एकदा समजावून सांगितलं होतं. त्या नाचणी पाखडत होत्या. "दहा हजार वेळा?" त्या म्हणाल्या. "देवाला एकदाच पुरतं."

आता या गणिताकडे आमचं सगळं घर डोळे लावून बसलं होतं, त्याचं कारण केन्यांगी. माझी धाकटी नणंद, गावच्या शाळेत मास्तरीण. तिची सोयरीक रुकोंजेच्या बेइंगानाशी ठरलेली. देजाच्या गाई, म्हणजे मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला द्यायच्या त्या, अर्थातच नदीपलीकडे. रोगापायी लग्न दोनदा पुढे गेलं होतं, आणि बेइंगानाच्या काकांनी निरोप धाडला होता की यंदा जमत नसेल तर ही सोयरीक विसरा, पोरगा काय म्हातारा करायचाय? मामंजींचं म्हणणं त्याहून सरळ होतं.

"देजाच्या गाई माझ्या वाडग्यात हंबरल्याशिवाय माझी पोरगी उंबरा ओलांडणार नाही. अरिंदा, सांग सगळ्यांना."

अरिंदाने सगळ्यांना सांगितलं.

त्या गुरुवारी दुपारी आकडा आला. अरिंदा पाठीला बांधलेली होती, माझ्या मानेवर तिचा गरम श्वास येत होता. शंभर महिन्यांत एकदासुद्धा नाही, इतकी कमी शक्यता. मी पुन्हा चालवून बघितलं. तेच. आमच्या प्रमुख डॉक्टर अटिम उत्तरेकडच्या, कडक बाई. फोनवर त्या पहिल्यांदाच हसल्या. "सोमवारी समितीपुढे ठेवू. तुझ्या घरच्यांना माझ्यातर्फे तूप साठवायला सांग."

तूप आधीच साठलेलं होतं. लग्नात एशाब्वे लागतं, तुपाचं ते पांढरं कालवण, सासूबाईंच्या हातचं. त्या दोन वर्षं लोणी कढवत होत्या. आकडा ऐकल्याबरोबर त्यांनी अंगणातच नाचायला सुरुवात केली, दोन्ही हात लांब शिंगांसारखे वर धरून. केन्यांगी शाळेतून आली ती मला घट्ट मिठी मारून म्हणाली, "वहिनी, तुझा संगणक माझ्या रुखवतात ठेवायला पाहिजे."

"आधी त्यातलं माझं काम उतरवून घेऊ दे."

एकच कुसळ मला टोचत होतं. या तीरावर एक कळप आजारी पडला होता, फक्त एकच. मामंजींचे जुने मित्र बंगिराना, त्यांचा. ते राहतात थेट टेकडीवर, नदीपासून दूर. त्यांच्या गाई नदीचं पाणी पीत नाहीत. त्यांनी गाय विकली नव्हती, विकत आणली नव्हती. तरी त्यांच्याकडे रोग पोचला. आम्ही तिथे "कारण कळले नाही" असं लिहून त्याला गणितात छोटासा वाटा दिला होता. वाऱ्याने येतो कधी कधी, बुटांना लागून येतो. असेल तसंच काही.

शनिवारी सकाळी बंगिराना आले. सोयरीक जुळवणारे तेच, लग्नात आमच्या बाजूने बोलणारेही तेच, त्यामुळे त्यांचा उत्साह मामंजींहून जास्त. उंच माणूस, हातात काठी, डोक्यावर रुंद काठाची टोपी. मी आत दूध घातलेला चहा उकळत होते. अरिंदा उंबऱ्यावर, आपल्या ठाण्यावर.

आमच्याकडे म्हाताऱ्यांचं कुशल विचारणं लवकर संपत नाही. बायको, मुलं, गवत, पाऊस, गुडघे. मग मामंजींनी विचारलं, "आणि माझी बिहोगो कशी आहे?"

"बिहोगो? झकास. खुरं भरून आली. दूध अजून पूर्वीसारखं नाही, पण चरते मस्त."

चहा उतू गेला. मी तसाच जाऊ दिला.

बिहोगो म्हणजे दाट तांबड्या रंगाची गाय. आमच्या वाडग्यात त्या रंगाची एकही नाही. मी या घरात येऊन दोन वर्षं होतील. रोज सकाळी धार काढताना मी त्या सगळ्या बघते. गाई मोजणं आमच्याकडे अशुभ, पण रंग सगळ्यांचे पाठ असतात.

मी चहाचे पेले उंबऱ्याच्या आतूनच पुढे सरकवले नि म्हटलं, "अरिंदा, आजोबांना विचार, बिहोगो कोण?"

"आपली गाय," मामंजी अरिंदाला म्हणाले. "तुझ्या पणजीच्या गाईच्या वंशातली. शिंगं अशी, की त्यांच्यामधून चंद्र उगवावा."

"ती आपल्या वाडग्यात आहे का, विचार."

"नाही. बंगिरानाकडे निजते. याचा मुलगा आजारातून उठला तेव्हा मी याला दिली."

"मग मागच्या महिन्यात आमच्या कचेरीचा माणूस आला होता, त्याने विचारलं होतं की तुमची कुठली गाय कळपाबाहेर गेली का. आजोबांनी काय सांगितलं?"

"नाही म्हटलं."

"का?"

मामंजींनी खुर्ची माझ्या दाराकडे वळवली नाही, पण मान वळवली थोडी. "अरिंदा, तुझ्या आईला शाळेत काय शिकवलं गं? बिहोगो गेली कुठे? गेली म्हणजे विकली. गेली म्हणजे मेली. ती मित्राकडे निजते. तिची पहिली कालवड माझ्याकडे येईल. ती आमचीच आहे."

"अगदी," बंगिराना म्हणाले. "मी कधी म्हटलं का माझी म्हणून?"

"आणि अरिंदा," मी म्हटलं, "बंगिराना-आजोबांना विचार, त्यांच्याकडे आणखी कुणाची गाय निजते का."

ते खळखळून हसले. "पोरी, माणसाला मित्र काय एकच असतो? तीन-चार जणांच्या आहेत. रुकोंजेच्या आपल्या व्याह्यांची न्गोंदो आहे, ठिपकेवाली. सोयरीक जुळवली म्हणून मला दिली बेइंगानाच्या बापाने. मोठ्या मनाचा माणूस."

"कधी आली ती?"

"रेषा पडली त्याच्या जरा आधी. पहाटेच्या गारव्यात चालवत आणली, नदी उतरून. शिंगांवर धुकं बसलं होतं गं तिच्या."

"आणि त्यानंतर तुमची गुरं आजारी पडली."

"हो, त्यानंतर..." बंगिराना थांबले. काठीचं टोक मातीत फिरवत राहिले. "पण त्या माणसाने विचारलं, बाहेरून गाय आणली का. न्गोंदो काय बाहेरची आहे? व्याह्यांची आहे."

तो प्रश्न कचेरीच्या माणसाने विचारला, पण लिहिला होता मीच. आणि मला कुणी विचारला असता, तर मीही नाहीच म्हटलं असतं. माझ्या माहेरची एक गाय आत्याकडे निजते, मी लहान होते तेव्हापासून. तिला गेलेली म्हणायचं माझ्याही जिभेवर कधी आलं नसतं. बाजारात जाणारी गाय मी साखळीत धरली होती. मैत्रीत जाणारी गाय कुठेच नव्हती, कारण आमच्या लेखी ती जातच नाही.

दुपारी केन्यांगी मागच्या अंगणात दुधाची लाकडी भांडी धुपवत बसली होती. वाळल्या गवताचा धूर भांड्यात कोंडायचा, मग दुधाला तो गोड वास येतो. लग्नाला नवी भांडी लागतात. ती एकेक करून उलटी धरत होती. मी शेजारी बसले. अरिंदा धुराकडे बघून शिंकली.

"वहिनी, तुझं तोंड असं का? सोमवार परवावर आलाय."

मी तिला सगळं सांगितलं. बिहोगो, न्गोंदो, माझा प्रश्न.

"म्हणजे आकडा चुकला?"

"चुकला."

"वाढेल?"

"वाढेल."

तिने एक भांडं खाली ठेवलं, दुसरं उचललं. "एकाच म्हाताऱ्याची एकच गाय. त्याने असं कितीसं वाढणार?"

"एकच नाही ना. रेषा पडल्यापासून कुणी कुणाला गाय पोचवली नाहीये. बाळंतपणं झाली, बारशी झाली, माणसं आजारातून उठली. प्रत्येकाने मनात कुठली ना कुठली गाय देऊन ठेवलीय. उद्या रेषा उघडली की त्या सगळ्या एकदम निघतील. नाक्यावरून नाही, पहाटे, धुक्यातून."

"मैत्री साठते का गं अशी?"

"साठते. लोण्यासारखी."

ती हसली आणि हसताना तिचे डोळे भरले. धुराने म्हणावं तर धूर दुसरीकडे जात होता. "तू गप्प राहिलीस तर?"

तिला उत्तर नकोच होतं. ती खेड्यातली पोर आहे; तोंड आलेली गाय चाऱ्याकडे कशी बघत उभी राहते, ते तिने पाहिलंय. आटलेलं दूध आणि त्या घरातली मुलं पाहिली आहेत. तिच्याच वर्गात बसतात ती.

"बेइंगानाच्या काकांना दुसरी पोरगी बघायला किती वेळ लागेल?" ती स्वतःशीच म्हणाली. मग तिने भांडं बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि अरिंदाला माझ्या मांडीवरून उचललं. "जा. काढ तुझा आकडा. हिला मी बघते."

तिचं लग्न मोडेल की काय असा आकडा काढायला मला वेळ मिळावा म्हणून ती माझी मुलगी कडेवर घेऊन बांधावरच्या केळींकडे निघून गेली. तिचं गाणं मला आतपर्यंत ऐकू येत होतं. अरिंदाला गाईचे रंग शिकवत होती.

डॉक्टर अटिमना मी तेव्हाच फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "आमच्याकडे उत्तरेतही असंच असतं. माझ्या बापाच्या निम्म्या गाई मामाकडे. आणि मलाही सुचलं नाही!" ओरडतील असं वाटलं होतं, त्यांनी फक्त विचारलं, "आता प्रश्न कसा विचारशील?"

"तुमच्या गाई कुठे कुठे निजतात, असं. आणि तुमच्याकडे कुणाकुणाच्या निजतात."

"आणि?"

"आणि रेषा उघडल्यावर कुणाच्या नवीन निजायला निघतील."

रविवारी कचेरीतली माणसं दोन्ही तीरांवर हाच प्रश्न घेऊन फिरली. चर्च सुटताना लोक सापडतातच. आधी ज्यांच्याकडून "नाही, नाही" याशिवाय काही निघालं नव्हतं, ते आता बसवून घेत होते, दूध पाजत होते, प्रत्येक गाईची कुळकथा सांगत होते. कुणाची गाय कुणाकडे का निजते, यात त्या दोन गावांची सगळी प्रेमं, सगळी भांडणं नि दिलजमाया होत्या. आमचा एक तरुण सहकारी सहा घरांचं दूध पिऊन पोट धरून परतला.

मी नवी कडी साखळीत जोडली. अरिंदाला पाजता पाजता एका हाताने. संगणक तो महिना पुन्हा दहा हजार वेळा जगला. दहातल्या तीन महिन्यांत रोग नदी ओलांडत होता.

समितीला मात्र त्यात वाटही दिसली, असं सोमवारी डॉक्टर अटिमनी कळवलं. कारण रोगाचा मार्ग आता अज्ञात राहिला नव्हता. कुठलं घर कुठल्या घराशी जोडलंय ते कळलं होतं, तेव्हा त्या मैत्रीच्या घरांना लशीचा दुसरा डोस आधी द्यायचा, लस अंगी लागू द्यायची, मग रेषा उघडायची. मोठा पावसाळा संपेपर्यंत तरी नाही.

मोठा पावसाळा संपेपर्यंत काका थांबणार नव्हते.

संध्याकाळी गुरं वाडग्याकडे परतत होती. सगळे अंगणात जमले. मामंजी खुर्चीवर, बंगिराना लाकडाच्या ओंडक्यावर, सासूबाई चटईवर. केन्यांगी भिंतीला टेकून उभी. मी दाराआड. बातमी मी अरिंदाला सांगितली, आणि अरिंदाने शांतपणे आपली मूठ चोखली.

मामंजी परतणाऱ्या गुरांकडे बघत म्हणाले, "अरिंदा, तुझ्या आईला सांग, ती खरं बोलली, चांगलं केलं. आणि आत्याला सांग, लग्न पुढे गेलं."

"पुढे नाही," केन्यांगी म्हणाली. "गेलंच."

मामंजींनी तिच्याकडे बघितलं नाही. त्या घडीला मला त्यांचा राग आला, आणि त्या रागातच मला ते दिसलं. शनिवारपासून डोळ्यासमोर होतं.

"अरिंदा," मी म्हटलं, "आजोबांना विचार, बिहोगो कोणाची?"

"आता हे काय मधेच? आमची."

"निजते कुठे?"

"बंगिरानाकडे. किती वेळा सांगायचं?"

"मग ती इथून गेली का?"

"गेली नाही!" त्यांनी काठी आपटली. "अरिंदा, तुझ्या आईला कमी ऐकू येतं का?"

"नीट ऐकू येतं. म्हणूनच विचारते. दुसऱ्याच्या वाडग्यात निजणारी गाय जर इथून गेली नाही, तर दुसऱ्याच्या वाडग्यात निजणारी गाय इथे आली, असं का म्हणता येऊ नये?"

पहिल्यांदा हसल्या त्या सासूबाई. आधी पदरात, मग उघड, मग मांडीवर हात मारून, मामंजींना चक्क नावाने हाक मारत. "अडकलास रे रुबारेमा! अडकलास! लेकीच्या बापा, तुझ्याच दाव्याने तुला बांधलं पोरीने!"

"देजाची गाय वेगळी," मामंजी म्हणाले. पण आवाजातला कडकपणा जरा सैल झाला होता. "मला तिची चाल बघायची असते. शिंगांचा डौल बघायचा असतो. न बघता कशी घेऊ?"

"बघायला नदी उतर की," बंगिराना म्हणाले. त्यांचे डोळे चमकायला लागले होते. "गाईंना बंदी आहे, तुला कोणी केलीय? देजाच्या गाई निवडायला मुलीकडचे मुलाच्या वाडग्यात जातातच. जाऊ, निवडू, नावं ठेवू. आणि निवडून झाल्या की तू व्याह्याला म्हणायचं, मित्रा, माझ्या गाई तुझ्याकडे निजू देत."

"आणि रेषा उघडली की?"

"उघडली की येतील चालत. धुक्यातून."

मामंजी उठले, वाडग्यापर्यंत गेले, एका गाईच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. परत आले तेव्हा म्हणाले, "अरिंदा, तुझ्या आईला विचार, याने तिच्या दहातल्या तिनाचे साडेतीन तर होणार नाहीत ना?"

"नाही. गाय हललीच नाही तर काहीच होणार नाही. बूट तेवढे बुडवा."

बूट बुडवण्यावरून नाक्यावर त्यांनी पुष्कळ कुरकुर केली, असं बंगिराना सांगतात. औषधाच्या पाण्याने नवे बूट पांढरे पडले. नाक्यावरचा पोरगा म्हणाला, "आजोबा, दुसराही पाय." मामंजी म्हणाले, "माझे दोन्ही पाय तुझ्या जन्माच्या आधीपासून स्वच्छ आहेत," आणि मग दुसराही बुडवला. बेइंगानाच्या बापाला ही कल्पना इतकी आवडली की त्याने एक गाय जास्तीची पुढे केली. आपल्याकडे निजणाऱ्या गाईंसाठी कुणी कंजुषी करत नाही, म्हणे.

लग्नाच्या दिवशी वाडगं आमच्याच गाईंनी भरलेलं होतं, पण एक कोपरा मामंजींनी मुद्दाम मोकळा ठेवायला लावला, ताजं गवत अंथरून. पाहुणे जमले, दूध फिरलं, नाचणीचा उंडा नि एशाब्वे झालं. मग मामंजी उठले. आमच्याकडे गाईंची स्तुती गातात, एका दमात, श्वास न घेता, दोन्ही हात वर करून. ते त्या मोकळ्या कोपऱ्यासमोर उभे राहिले आणि नदीपलीकडे निजणाऱ्या एकेका गाईचं गाणं म्हणाले. रंग सांगितला, चाल सांगितली, शिंगांची कमान. लोक त्या रिकाम्या गवताकडे बघत होते, आणि खरं सांगते, माझ्या शेजारची एक म्हातारी बाजूला सरकली, जणू एखाद्या गाईला वाट देत होती.

डॉक्टर अटिम आल्या होत्या. त्या कानात म्हणाल्या, "ही कडी कुठल्या पुस्तकात लिहायची?"

"मला एशाब्वे वाढून घेऊ द्या आधी," मी म्हटलं.

केन्यांगी निघाली तेव्हा सगळ्या बायका रडल्या, तसं रडायचंच असतं. ती मात्र मला बिलगून हळूच म्हणाली, "वहिनी, मी तिकडे आपल्या गाई बघेन रोज." आणि अरिंदाच्या ओल्या मुठीचा मुका घेऊन ती नदीकडे उतरली.

दुसऱ्या दिवशी घर फार मोठं वाटत होतं. सासूबाई उरलेलं तूप कढवत बसल्या. सकाळची धार झाली, गुरं चरायला गेली, मामंजी आपल्या खुर्चीवर. मी दाराआड. अरिंदा उंबऱ्यावर, रात्री तिचा तिसरा दात आला होता, पण कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मग मामंजींनी खाकरून घसा मोकळा केला.

"अरिंदा," ते म्हणाले, "सगळे म्हणतात, आत्या गेली."

"बा," अरिंदा म्हणाली.

"तेच म्हणतो मी. गेली कुठे?" त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि नदीच्या बाजूला बघत राहिले. "तिकडे निजते फक्त."

मी पदराने डोळे टिपले. ते बाहेर, मी आत. त्यांना दिसलं नसणार.

"अरिंदा," मी म्हटलं, "आजोबांना सांग, चहा निवतोय."